उतारावरची कमाई

‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या घरांत प्रथम आला तो मोटारीबरोबर नव्हे, ज्वारीबरोबर. १९६४ सालीं देशांतलें पहिलें संकरित ज्वारीचें वाण बाहेर पडलें आणि थोड्याच वर्षांत तें आमच्या सातारा-सांगलीकडच्या शेतांत जिकडे तिकडे डोलूं लागलें. पीक उदंड येई, पण भाकरीला चव नाहीं, अशी आईची तक्रार असे. शाळूच्या पिठावर सरसर फिरणारा हात ह्या पिठावर अडखळतो, असें ती म्हणे. पुढें तर हा शब्द म्हणजे एक सभ्य शिवीच होऊन बसली. चार पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या नातवाला आजोबा ‘हायब्रीड पिढी’ म्हणत आणि नातू निमूटपणें ऐकून घेई. त्यामुळें गेल्या पौषांत माझ्या भाच्यानें फोनवर, “मामा, हायब्रीड गाडी घेऊन येतोय,” असें मोठ्या उत्साहानें सांगितलें, तेव्हां माझ्या मनांत प्रथम कोणता विचार आला असेल तें वाचकांनीं ताडलेंच असेल.

गाडी भाच्याची नव्हती, हें आधींच सांगून टाकतों. तो पुण्यांत अशा भारी गाड्यांच्या दुरुस्तीचें काम करतो. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनीं ही वापरलेली गाडी विकत घेतली होती आणि ती त्यांच्या दारीं पोंचती करण्याचें काम त्याच्याकडे आलें होतें. वाटेवर साताऱ्यास मामा, जरा वांकडी वाट केली कीं सांगलीस आईवडील, आणि मालकांची मोकळ्या मनाची परवानगी. असा त्याचा सुयोग जुळून आला होता.

बीएमडब्ल्यू कंपनीची ती ‘आय-एट’ नांवाची गाडी. आमच्या आळींतल्या पोरांनीं ती पाहतांच ‘सचिनची गाडी’ म्हणून ओळखली. २०१४ सालीं तेंडुलकरांच्या हस्तें ती ह्या देशांत प्रथम लोकांपुढें आली, हें ज्ञान त्यांना कोठून झालें कोण जाणे. गाडी जमिनीला इतकी लागून होती कीं, तिच्याखालून जायचें म्हणजे आळींतल्या मांजरालाहि क्षणभर विचार करावा लागला असता. तिचीं दारें बाहेर न उघडतां पंखांसारखीं वर उचललीं जातात. आंत शिरायचें म्हणजे आधीं बसावें, मग सरकावें आणि मग पाय आंत ओढून घ्यावे, असा तीन अंकी प्रयोग करावा लागतो. सदुसष्टाव्या वर्षीं मीं तो केला. भाचा मला दोन्ही दंडांना धरून आंत बसवीत असतांना समोरच्या बाईंनीं गॅलरींतून, “काय झालं हो मास्तरांना?” म्हणून काळजीच्या सुरांत विचारलें.

मी जन्मभर शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. तेव्हां आंत बसल्यावर माझा पहिला प्रश्न गाडीच्या पोटांत काय आहे, हाच होता. भाच्यानें सांगितलें तें ऐकून मात्र मी चकित झालों. एवढ्या मिजासखोर गाडींत पेट्रोलचें एंजिन अवघें दीड लिटरचें आणि तीनच सिलिंडरांचें आहे. तें मागचीं चाकें फिरवितें. पुढचीं चाकें विजेच्या मोटरकडे. एंजिनाची शक्ति २३१ अश्वांची, मोटरची १३१ अश्वांची, दोन्ही मिळून ३६२. माझ्या वडलांच्या अँबॅसडरचें एंजिनहि दीडच लिटरचें होतें, सिलिंडर एक अधिकच. पण त्याची शक्ति जेमतेम पन्नास अश्वांच्या आसपास. वडलांची आठवण मला त्या वेळीं झाली ती केवळ ह्या आंकड्यापुरती. पुढें काय होणार आहे ह्याची मला कल्पना नव्हती.

वेगाच्या गाड्यांना विजेची गरज कां पडावी, असें कोणालाहि वाटेल. विजेची मोटर म्हटली कीं आपल्याला पाण्याचा पंप किंवा पिठाची चक्की आठवते. पण पेट्रोलच्या एंजिनाचा एक दोष असा कीं, त्याचा जोर फेऱ्यांबरोबर वाढत जातो. उभ्या गाडीला हलवितांना तो तोकडाच असतो. मोटरचें नेमकें उलट आहे. ती स्थिर असतांनाच आपला सगळा जोर लावूं शकते. म्हणून एक थांबल्या ठिकाणाहून उडी घेते, दुसरें पुढें दम टिकवितें. दोघांची ही सोयरीक नवी नाहीं. व्हिएन्नाच्या लोहनर कंपनींत काम करणाऱ्या फर्डिनंड पोर्शे ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणानें १९०० सालीं चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटर बसविल्या आणि त्याच सुमारास पेट्रोल एंजिनावर चालणारें जनित्र गाडींत घालून दोन शक्तींचा मेळ करून पाहिला. पुढें पेट्रोल स्वस्त झालें आणि ही कल्पना जवळजवळ शतकभर अडगळींत पडली. १९९७ सालीं जपानांत टोयोटानें ‘प्रियस’ काढली ती काटकसरी संसारी माणसांसाठीं. शर्यतवाले तेव्हां तिला हसले असतील. पण २००९ सालीं फॉर्म्युला वनच्या शर्यतींत ब्रेक लावतांना वाया जाणारी शक्ति सांठवून पुन्हां वापरण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षीं हंगेरींत लुइस हॅमिल्टन तसल्या गाडींतून पहिला आला. २०१२ सालीं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत आउडीच्या संकरित गाडीनें जिंकली. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं पोर्शे, मॅक्लॅरन आणि फेरारी ह्या तिघांनींहि आपापल्या नऊशें अश्वांच्या घरांतल्या संकरित गाड्या बाजारांत आणल्या. पोर्शेनें ९१८ आणि मॅक्लॅरननें ३७५ गाड्या बांधून हात आंखडता घेतला. म्हणजे श्रीमंतांच्या पंक्तींतहि पानें मोजकींच.

ह्या साऱ्या झगमगाटांत मला आमच्याच जिल्ह्यांतल्या एका साध्या गाडीचें अधिक अगत्य वाटतें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत अनिल राजवंशी ह्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस सायकलरिक्षाला बॅटरी आणि छोटी मोटर जोडून पाहिली. चालकानें पाय मारावेत आणि चढ आला कीं मोटरनें त्याला हात द्यावा, अशी ती योजना. दोन शक्तींचा संकरच तो, फक्त त्यांतली एक माणसाच्या पोटऱ्यांतली होती. भाच्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “मामा, तत्त्व एकच आहे.” तत्त्व एकच असतें; किंमत मात्र निराळी असते, एवढें मी मनांतल्या मनांत म्हणालों.

“चला, तुम्हांला यवतेश्वरचा घाट चढून दाखवतों,” असें म्हणून त्यानें गाडी काढली.

घाट चढतांना त्यानें मुद्दाम पेट्रोलचें एंजिन बंद ठेवलें होतें. अशा गाडीनें गर्जना करीत चढावें अशी माझी अपेक्षा. ती चढली मांजरीच्या पावलांनीं. टायरांची सळसळ तेवढी ऐकूं येत होती. वर पोंचल्यावर आम्हीं क्षणभर थांबलों, खालीं पसरलेलें सातारा आणि समोरचा अजिंक्यतारा पाहिला, आणि गाडी वळवून उतरूं लागलों.

पहिल्या वळणाशीं माझा हात आपोआप दाराच्या कडेला गेला. दुसऱ्या वळणाशीं मी ओरडलों, “एंजिन सुरू कर! अरे, आधीं एंजिन सुरू कर!”

भाच्यानें दचकून गाडी बाजूला घेतली. माझ्या कपाळावर घाम आला होता. “मामा, एंजिन बंदच असायला पाहिजे इथं,” तो समजावणीच्या स्वरांत म्हणाला. “हा कांटा बघा. मी पाय काढला कीं तो ह्या बाजूला जातो. आतां चाकं मोटरला फिरवताहेत, मोटर वीज करतेय आणि त्याच ओढीनं गाडी हळू होतेय. ब्रेकला मी अजून पायहि लावलेला नाहीं.”

त्याचें बोलणें मला कळत होतें. तीस वर्षें मीं मुलांना जनित्र आणि मोटर हीं एकाच यंत्राचीं दोन रूपें कशीं, तें फळ्यावर काढून दाखविलें होतें. पण मी त्या क्षणीं यवतेश्वरच्या घाटांत नव्हतोंच. मी पसरणीच्या घाटांत होतों, साल १९७४, महिना मे.

माझ्या वडलांना सारे अण्णा म्हणत. त्यांची अँबॅसडर पोवई नाक्यावर भाड्यासाठीं उभी असे. उन्हाळ्यांत मुंबईचीं बिऱ्हाडें महाबळेश्वर-पांचगणीला यायचीं, त्या दोन महिन्यांच्या मिळकतीवर आमचें वर्ष निघे. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध पेटलें, तेल महागलें आणि त्याची झळ थेट आमच्या चुलीपर्यंत आली. भाडें वाढवावें तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे जाई. तेव्हां पांचगणी मागें पडली कीं अण्णा गिअर मोकळा सोडीत, किल्ली फिरवून एंजिन बंद करीत आणि गाडी वाईपर्यंत नुसत्या उतारावर घेत. असें करणारे ते एकटे नव्हते. “चढतांना सरकारचं पेट्रोल, उतरतांना देवाचं,” असें ते हंसून म्हणत. सुटीच्या दिवसांत मी त्यांच्याशेजारीं पुढच्या बैठकीवर असें. एंजिन थांबलें कीं वाऱ्याचा आवाज ऐकूं येई, आणि तो मला फार आवडे.

त्या दिवशीं गाडींत पांच उतारू होते आणि टपावर सामान. निम्मा घाट उतरल्यावर जळक्या रबरासारखा वास आला. अण्णांनीं ब्रेक दाबला, पुन्हां दाबला. गाडी ऐकेना. एंजिन सुरू करून खालच्या गिअरमध्यें घेण्याइतका अवसर राहिला नव्हता. त्यांनीं गाडी दरीकडे जाऊं दिली नाहीं, डोंगराच्या बाजूला दरडीवर घातली. कोणी दगावलें नाहीं. मागच्या एका बाईंचा हात मोडला, अण्णांचा गुडघा कायमचा गेला, मला खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं.

लोक जमले, पोलीस आले. अण्णा म्हणाले, “ब्रेक गेला. चार दिवसांपूर्वींच मिस्त्रीनं पट्ट्या बदलल्या होत्या.”

ह्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. ब्रेक गेलाच होता आणि पट्ट्याहि चार दिवसांपूर्वीं बदललेल्या होत्या. पण अण्णांनीं हें सांगतांना माझ्याकडे एकदां पाहिलें, आणि मीं मान खालीं घातली. मिस्त्रींचें नाक्यामागें लहानसें गॅरेज होतें. ते गाडीखालीं निजून काम करीत तेव्हां दिवा धरण्याचें काम माझें असे. ‘जरा डावीकडे’, ‘आतां वर’, असें ते आंतून सांगत. महिन्याभरांत गांवभर झालें कीं, मिस्त्रीच्या हातच्या ब्रेकानें माणसें मरतां मरतां वांचलीं. टॅक्सीवाले दुसरीकडे जाऊं लागले. दिवाळीच्या आंत त्यांनीं गॅरेज बंद केलें आणि ते सांगलीला गेले. आमची गाडी मोडींत निघाली. अण्णा एका पेट्रोलपंपावर हिशेब लिहूं लागले आणि १९९१ सालीं वारेपर्यंत त्यांनीं ह्या गोष्टीचा उच्चार केला नाहीं. मीं तरी कोठें केला?

त्या अपघाताचें गणित मीं पुढें कॉलेजांत असतांना मांडलें. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटरांवर, पांचगणी सुमारें १,३०० मीटरांवर. भरलेली गाडी चौदाशें किलोंची धरा. तेवढें वजन सहाशें मीटर खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते ती भरते सव्वादोन युनिट विजेएवढी. पंचवीस लिटर पाणी आधण येईपर्यंत तापवायला ती पुरेल. एंजिन गिअरमध्यें असतें तर त्यानें त्यांतला मोठा वांटा आपल्या अंगावर घेतला असता. तें बंद, तेव्हां सारी उष्णता चार ब्रेकड्रमांच्या वांट्याला आली. ड्रम तापला कीं पट्टी त्याला धरीत नाहीं, मग ती कालची असो कीं वर्षापूर्वींची. आणि ह्या सगळ्यांत पेट्रोल वांचत होतें फार तर पाव-अर्धा लिटर.

हेंच उदाहरण मीं वर्गांत दर वर्षीं घातलें. ‘समजा, एक गाडी पसरणी घाट उतरत आहे’. मुलें भराभर आंकडेमोड करीत. गाडी कोणाची, हें कोणी विचारीत नसे.

यवतेश्वरच्या त्या वळणावर मीं भाच्याला हें सारें सांगितलें. आजपर्यंत बायकोलाहि सांगितलें नव्हतें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, सांगलीचे मिस्त्री आजोबा म्हणजे तेच का?”

तेच. माझ्या बहिणीचें घर आणि त्यांचें वर्कशॉप ह्यांत दोन गल्ल्यांचें अंतर. भाच्यानें लहानपणीं सुट्या तेथेंच काढल्या, पाना धरायला तेथेंच शिकला. विहिरीवरचीं एंजिनें, हळद पॉलिश करण्याचे ड्रम, जें येईल तें मिस्त्री दुरुस्त करीत. मी सांगलीस दर दिवाळींत जाई आणि त्या गल्लीनें जाणें टाळीत असें. “अजून आहेत,” भाचा म्हणाला. “सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, पण नजर शाबूत आहे. चला.”

मी ‘नको’ म्हणालों नाहीं. उरलेला घाट आम्हीं एंजिन बंद ठेवूनच उतरलों. खालीं आलों तेव्हां बॅटरींतला आंकडा थोडा वाढलेला होता. चढतांना जेवढें गेलें तेवढें कांहीं परत आलें नव्हतें. तें येत नाहीं, हें मी जाणतों. पण कांहीं आलें होतें खरें. अण्णांना उतारावर जें हवें होतें तें हेंच, असें मला वाटलें. फक्त त्यांच्यापाशीं तें ठेवायला भांडें नव्हतें.

कराड, पेठ नाका, आष्टा करीत आम्हीं तिसऱ्या प्रहरीं सांगलीस पोंचलों. वर्कशॉपच्या दारांतल्या गटारावरची फरशी ओलांडतांना गाडीचें पोट घांसूं नये म्हणून भाच्यानें ती इतकी तिरपी आणि सावकाश घेतली कीं, मिस्त्री आवाज ऐकण्याच्या आधींच बाहेर येऊन उभे राहिले. मला त्यांनीं ओळखलें कीं नाहीं, तें कळेना. ते गाडीकडेच पाहत होते.

“झांकण उघड,” ते भाच्याला म्हणाले.

“हें असं उघडत नाहीं, आजोबा. मालकालाहि सहज उघडतां येत नाहीं. कंपनीचींच माणसं लागतात.”

“मग मालक कसला तो?” असें म्हणून त्यांनीं मान हलविली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “या मास्तर. बसा.”

चहा आला. मीं पाठ करून आणलेलीं वाक्यें एकेक करून विसरलों. शेवटीं कसेंबसें म्हणालों, “मिस्त्रीकाका, त्या दिवशीं एंजिन बंद होतं. अण्णांनीं बंद केलं होतं. मीं पाहिलं होतं.”

“ठाऊक आहे,” मिस्त्री म्हणाले. “गाडी ओढून आणली ती मीच ना? ड्रम निळे पडले होते. नव्या पट्ट्यांचा चार दिवसांत कोळसा कशानं होतो, हें का मला कळत नाहीं?”

“मग बोललां कां नाहीं?”

“बोलून काय होणार होतं? अण्णांचं लायसन गेलं असतं. गाडी गेली, पाय गेला, वर तें. मला काय, हातांत काम होतं; सातारा नाहीं तर सांगली.” त्यांनीं बशी खालीं ठेवली. “दोन वर्षं कठीण गेलीं, नाहीं असं नाहीं. तुम्हांला एक विचारूं? अण्णा नाहीं आले, तें मी समजलों. त्यांना तोंड नव्हतं. तुम्ही कां नाहीं आलांत? दर दिवाळीला येत होतां कीं इथं.”

ह्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. मिस्त्रींनीं तें फार वेळ मागितलेंहि नाहीं. ते उठून गाडीपाशीं गेले आणि भाच्याकडून उतारावरच्या विजेची सारी हकीकत त्यांनीं ऐकून घेतली. मध्यें एकदांच त्यांनीं त्याला थांबविलें.

“समजा, पांचगणीला रात्रभर ही गाडी वीज पिऊन तुडुंब झाली आणि सकाळीं घाट उतरायला लागली. मग उतारावरची वीज ठेवायची कुठं?”

“ठेवतां येत नाहीं, आजोबा. मग साधेच ब्रेक धरायचे.”

“पट्ट्या?”

“पट्ट्याच. फक्त ह्या डिस्कवर बसतात.”

“असं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनीं एक हात गाडीच्या अंगावर टेकविला, सावकाश उकिडवे बसले आणि चाकाच्या आऱ्यांमधून दुसरा हात आंत घालून डिस्कला बोटांची मागची बाजू लावून पाहिली. “साताऱ्याहून आली आणि इतकी गार?” मग वर न पाहतांच त्यांनीं हात मागें केला. “ती विजेरी घ्या बघूं. आंतलं कांहीं दिसत नाहीं.”

विजेरी फळीवर होती. मीं ती घेतली आणि त्यांच्या खांद्यावरून वांकून धरली.

“जरा डावीकडे,” ते म्हणाले.